शेवटच्या प्रकरणाचे टाके

लायब्ररीच्या पुस्तकाला टाके घातलेले तुम्ही कधी पाहिलेत का? मी पाहिलेत. शिवण म्हणत नाही मी. टाके. दवाखान्यात कपाळाला घालतात तसले, काळ्या दोऱ्याचे, प्रत्येकाची गाठ वेगळी. आणि कुठे घातलेले, तर रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणाला.

मी आदिलाबादला सरकारी शाळेत गणित शिकवते. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, असं आमचं चालतं. मराठी वाचायचं म्हटलं तर इथल्या सार्वजनिक वाचनालयात खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे, तेवढंच. त्याचं दार उघडताना असं करकरतं की तेलुगू पेपर वाचणारे सगळे म्हातारे मान वर करून बघतात. वरच्या फळ्यांवर संतवाङ्मय आणि शेतीची पुस्तकं, खालच्या फळ्यांवर रहस्यकथा. मी थेट खाली बसते. मला रहस्यकथेचं व्यसन आहे आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

त्या कपाटातली पहिलीच रहस्यकथा घरी आणली, त्या संध्याकाळी गॅसवर वरण होतं आणि हातात पुस्तक. एका म्हाताऱ्या जमीनदाराला त्याच्याच देवघरात कुणीतरी गळा दाबून मारलेलं. दार आतून बंद. घरात दुसरी बायको, पुतण्या, कारभारी, आणि एक पाहुणा, ज्याला कुणी बोलावलंच नव्हतं. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, घसा खाकरला, "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला, आणि मी पान उलटायला गेले तर पान उलटेना. खाली बघते तर टाके. पानांच्या कडेनं ओळीनं घातलेले, आणि वर डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: "टाके स्वतः काढू नये. पान फाटल्यास जबाबदारी पेशंटची. घरी यावे. मारोती ड्रेसर, जुन्या जिनिंगच्या मागे."

मी ओरडलेच. आमच्या ह्यांनी पुस्तक हातात घेतलं, टाके दिव्याखाली धरून पाहिले आणि म्हणाले, "काम सफाईचं आहे हं." तिकडे वरण करपलं.

तुम्ही म्हणाल, घरात ब्लेड नव्हतं का? होतं. लावलंही होतं मी टाक्याला. पण ते "जबाबदारी पेशंटची" वाचलं आणि हात थांबला. पुस्तक सरकारी. शिवाय मला त्या माणसाला तोंडावर बोलायचं होतं. आलेला राग वाया जाऊ देणाऱ्यांतली मी नाही. चपला घातल्या आणि जुन्या जिनिंगकडे, म्हणजे कापसाच्या जुन्या कारखान्याकडे, निघाले.

मारोतीकाका तसे मला ऐकून माहीत होते. सरकारी दवाखान्यात जन्मभर ड्रेसर होते. मलमपट्टी करायची, जखमा धुवायच्या, डॉक्टर जेवायला गेले की टाकेही घालायचे. गावातल्या अर्ध्या लोकांच्या कपाळावर, गुडघ्यावर, हनुवटीवर काकांची सही आहे असं म्हणतात. मी गेले तेव्हा ओसरीवर स्टुलावर बसलेले. अंगात पांढरा सदरा, इस्त्रीचा. समोर इनॅमलचा तो वाकडा ट्रे, त्यात कात्री, चिमटा, कापूस. जणू माझीच वाट बघत होते.

"बसा," म्हणाले. "कोनतं पुस्तक हाय? दाखवा. हात हलवू नका."

मी हात हलवला. पुस्तक त्यांच्या नाकासमोर नाचवून म्हटलं, "काका, हे काय करून ठेवलं तुमी? सरकारी पुस्तक हाय हे."

त्यांनी चष्मा वर सरकवला, टाके तपासले. "सुकले हायत. काढता येतीन. सांगा आता, कोनं मारलं?"

"काय?"

"म्हाताऱ्याले कोनं मारलं?"

मी रागात होते, पण उत्तर तयार होतं. म्हटलं, "पुतण्यानं."

"काऊन?"

आता 'का' म्हणून काय विचारायचं? पुतण्या आहे, वाईट नजरेचा आहे, पहिल्या प्रकरणापासून मला तो आवडला नव्हता. तसं मी सांगितलं. काकांनी कात्री ट्रेमध्ये परत ठेवली. "जखम अजून ओली हाय," म्हणाले. "परत वाचा. काऊन सापडलं की या."

रीत न दाखवता उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे मार्क मी आजवर कापत आले, आणि हा माणूस माझे मार्क कापत होता. मुकाट्यानं घरी आले. पुस्तक पहिल्यापासून वाचलं, देवघराची कडी, तेलाचा डाग, सगळं नीट पाहिलं, आणि दोन दिवसांनी जाऊन रीतसर सांगितलं की कारभाऱ्यानं मारलं, आणि ते का. काकांनी हात धुतले. कात्री उकळत्या पाण्यातून काढली. "थोडंसं दुखन," म्हणाले आणि एकेक टाका असा अलगद काढला की कागदाला समजलंही नसेल. शेवटच्या प्रकरणात कारभारीच निघाला. मी विजयानं त्यांच्याकडे पाहिलं.

"जैनथवाल्यानं पन हेच सांगतलं होतं," काका म्हणाले. "पन त्यानं पहिल्या झटक्यात सांगतलं."

जैनथवाला कोण, ते पुढे सांगते. आधी काका पुरते समजून घ्या.

या माणसाचा सगळा संसारच दवाखान्याच्या बोलीत चाले. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला गॉजची पट्टी. फाटलेल्या पिशवीला मलम नाही पण टाके हमखास. शेजारणीनं वडीचं पीठ बिघडलं म्हणून दाखवलं तर बोट लावून म्हणाले, "पू नाही झाला, वाचलं." ती बाई त्या दिवशी वडी न करताच झोपली. उटनूरला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. नवरा-नवरीच्या उपरण्या-शालूची गाठ बांधायला कुणीतरी कौतुकानं काकांना पुढे केलं. काकांनी बांधली. ती अशी बांधली की सुटेना. भटजींनी ओढून पाहिलं, करवल्यांनी दातांनी पाहिलं, नवऱ्या मुलाच्या मामानं सुई घालून पाहिलं. वरात निघायची वेळ, मोटार सुरू, आणि नवरा-नवरी एकमेकांना बांधलेले, हात धुवायलाही जोडीनं चाललेले. शेवटी शालू कापावा लागला. नवरीची आई मटकन खाली बसली. काका म्हणाले, "टाका पक्का पायजे. ढिला टाका घातला की मानूस परत येते रडत." मग थोडं थांबून म्हणाले, "तसा पक्का घातला तरी येतेच, काढाले. टाके घातलेला मानूस परत येतेच येते." हे वाक्य ते मोठ्या अभिमानानं सांगत. मला तेव्हा त्यात फुशारकीच दिसली.

पुस्तकांशीही त्यांचं वागणं तसंच. कथेत कुणाला सुरा लागला आणि त्यानं मरता मरता पानभर भाषण केलं की काका लेखकावर उखडत. "एवढं रक्त गेलं अन् हा बोलून राह्यला? मानूस पहिले पानी मागते." गुप्तहेरानं जखमेला हातरुमाल बांधला की म्हणत, "गेला. धनुर्वात." आणि शेवट त्यांना पटला नाही तर सरळ सांगत, "निदान चुकलं लेखकाचं." छापील शेवट त्यांच्या लेखी एका डॉक्टरचं मत होतं, दुसरंही असू शकतं. मला हे सहन होत नसे. खुनी हा खुनीच असतो, लेखकानं सांगितला तो. त्यावर वाद घालायचा म्हणजे दोन अधिक दोनवर वाद घालण्यासारखं. पण वाद घातला मी. दर पुस्तकाला घातला. असं करता करता पुस्तक संपत आलं की पाय आपोआप जुन्या जिनिंगकडे वळू लागले. ह्यांनी एकदा विचारलं, "तू पुस्तक वाचायला आणतेस की टाके काढायला?" मी तोवर चपला घातल्या होत्या.

आता जैनथवाला. हा माझा वैरी.

मी कुठलंही पुस्तक घेऊन जावं, कितीही विचार करून उत्तर द्यावं, काकांचं ठरलेलं: "जैनथवाल्याचं मत वेगळं पडलं." एक माणूस जवळच्या जैनथ गावाहून बसनं येतो, सकाळी, मी शाळेत असते तेव्हा. त्यानं म्हणे खालच्या दोन्ही फळ्या संपवल्यात. आणि त्याची रीत काय, तर विचित्रच. मी कुलपं, वेळा, पायांचे ठसे बघते. हा बघणार ताटं. "ज्यानं भाकर अर्धी टाकली तो खुनी. मन ठिकाणावर असलेला मानूस भाकर टाकत नाही." एकदा म्हणे त्यानं खुनी ओळखला तो लुगड्याच्या निऱ्यांवरून. "घाईत नेसलं लुगडं. घाई काऊन, तर खून करून आली." आणि तो बरोबर निघत असे. दहात आठ वेळा बरोबर. माझा जीव जळायचा.

मनात मी त्याचं चित्र काढलं होतं. मिशीवाला, धोतर, कापसाचा व्यापार, पान खाणारा, बायकोला मदत म्हणून एक भांडंही न विसळणारा आणि तरी स्वयंपाकघरातलं सगळं समजतं म्हणणारा. त्याला मी निरोप पाठवत असे. "सांगा त्याले, लुगड्याच्या निऱ्या पुरुषाले काय समजतात?" काका मान हलवत. दुसऱ्या खेपेला उत्तर आणत. "तो म्हनला, मास्तरीनबाईचं गनित चांगलं हाय, पन मानसं भागाकारानं चालत नाहीत." हे ऐकून मी एक रात्र झोपले नाही.

मागच्या वर्षी दहावीच्या परीक्षेला माझी ड्यूटी जैनथला लागली. पेपर झाल्यावर मी मंदिराजवळच्या हॉटेलात गेले आणि विचारलं, "इथं रहस्यकथा वाचनारा कोन हाय? आदिलाबादले बसनं जाते?" हॉटेलवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं की माझ्या मागे बसलेल्या दोन मास्तरांनी चहा अर्धा सोडला. कुणालाच माहीत नाही. पुढच्या वेळी मी काकांना ते सांगितलं. काकांनी ट्रेमधला चिमटा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "तो लोकात मिसळत नाही," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी टाके काढायचे विसरून मला तसंच परत पाठवलं.

मग वाचनालयात नवीन मॅडम आल्या. श्रावणी मॅडम, करीमनगरकडच्या, तरुण, कामाला कडक. आल्या आल्या त्यांनी पुस्तकांची तपासणी काढली. एका दुपारी मला फोन. "टीचर, आप जरा आके जाइए. मराठी बीरुवा का मामला है." बीरुवा म्हणजे कपाट.

गेले तर मोठ्या टेबलावर रहस्यकथांचा ढीग. बहुतेकांना टाके. आणि टेबलासमोर मारोतीकाका, इस्त्रीचा सदरा, हातात वाचनालयाचं कार्ड, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

"ये पुस्तकालय है कि दवाखाना?" मॅडम मला विचारत होत्या, जणू टाके मी घातले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खराब केलेली पुस्तकं नियमानं काढून टाकायची, म्हणजे रद्दीत. ज्यानं खराब केली त्याचं कार्ड रद्द. मराठी वाचायला येतं कोण, म्हणून ते कपाटही मग उगाच कशाला अडवून ठेवायचं.

काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "मॅडम, कार्ड लेलो," म्हणाले. "किताबां रद्दी में मत डालो. मै नहीं आता फिर. किताबां रहने दो."

मला तेच तर समजेना. कार्ड गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? आणि पुस्तकं, जी याला पुन्हा हातात मिळणारच नाहीत, ती कपाटात राहावीत म्हणून कार्ड कशाला देतो? मी म्हटलं, "मॅडम, और भी मेंबर हैं ना. जैनथ से एक आते हैं, उनको भी बुलाइए. उन्होंने पूरा बीरुवा पढ़ा है."

मॅडम गोंधळल्या. "कौन जैनथ? मराठी के मेंबर बस आप दो हैं, टीचर. आप और ये अंकल. तीसरा कोई है ही नहीं."

मी ढिगाकडे पाहिलं. त्यातली मी वाचलेली पुस्तकं बाजूला होती, टाके काढलेली. बाकीच्यांना कुणाचा हात लागला नव्हता. दोरे पिवळट पडलेले, चिकटपट्ट्यांच्या कडा धुळीनं काळ्या. "टाके घातलेला मानूस परत येतेच येते" असं सांगणाऱ्या माणसाच्या ओसरीवर या सगळ्या काळात एकटी मीच चढत होते. मी काकांकडे वळले. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"काका, जैनथवाला?"

तेलुगू पेपरवाले म्हातारेही पेपर खाली ठेवून बघत होते.

"हाय ना जैनथचं मानूस," काका म्हणाले. "माझी बायको. जैनथचीच होती ती."

काकूंना वाचता येत नव्हतं. काका ड्यूटीवरून आले की ती भाकरी थापायची आणि हे चुलीपाशी पाट टाकून मोठ्यानं वाचायचे. शेवट जवळ आला की तिला दम निघत नसे. लवकर सांगा, लवकर सांगा, कोनं मारलं. म्हणून यांनी एक दिवस गमतीनं शेवटच्या प्रकरणाला टाके घातले. आधी तू सांग कोनं मारलं, काऊन मारलं, मग काढतो. आणि ती सांगायची, ताटावरून, भाकरीवरून, निऱ्यांवरून. दोघांनी मिळून त्या कपाटाच्या खालच्या फळ्या अशा संपवल्या. ती गेल्यावर काकांनी एकेक पुस्तक परत आणलं, परत टाके घातले आणि कपाटात नेऊन ठेवलं.

"प्रत्येक पुस्तकात तिचं एक उत्तर हाय," म्हणाले. "मले सगळे पाठ हायत. रद्दीत गेले तर मी ते कोनाले सांगू?"

मी चिडूनच विचारलं, कारण मला दुसरं येत नाही. "मंग मले खोटं काऊन सांगतलं? जैनथवाला काय, बसनं येते काय."

"मेल्या मानसाशी कोन भांडते, मास्तरीनबाई?" काका म्हणाले. "खरं सांगतलं असतं तर तुमी 'अरे रे' म्हनल्या असत्या अन् चहा पिऊन गेल्या असत्या. तिचं बरोबर होतं म्हनल्या असत्या. तुमी भांडल्या. निरोप पाठवले. लय दिवसांनी माह्या घरात तिच्या नावानं कोनी भांडलं."

मी मॅडमना हे सगळं सांगितलं. अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत, मधेमधे मराठीत, कारण तेव्हा मला भाषा कुठली ते कळत नव्हतं. मॅडम ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता एक पुस्तक उघडून टाक्यांजवळ डोळे नेऊन बघत होत्या. एकाही अक्षराला सुई लागलेली नव्हती. सगळे टाके कोऱ्या समासात. मी म्हटलं, "देखिए, मॅडम. बताइए कौन सा अक्षर फटा है." मॅडम उठून आत गेल्या आणि दोन्ही हातांत मावेना इतका पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आल्या. लहान मुलांची तेलुगू पुस्तकं, पाठी मोडलेली, पानं लोंबणारी. काकांसमोर ठेवली.

"ये सी सकते क्या, अंकल?"

काकांनी वरचं पुस्तक उचललं, पाठ चाचपली, एक पान हलवून पाहिलं. चेहरा गंभीर झाला. "इनको भरती करना पड़ेंगा," म्हणाले.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. कार्ड काकांच्या खिशात परत गेलं. मराठी कपाट जागेवर राहिलं. पण अट पक्की: शेवटच्या प्रकरणाला एकही टाका नाही, आणि आहेत ते आजच्या आज काढायचे. काकांनी तिथंच बसून काढले. मी पुस्तकं धरली, ते कापत गेले. प्रत्येकाला "थोडंसं दुखन" म्हणाले. काळ्या दोऱ्यांचा ढीग मॅडमच्या कचऱ्याच्या डब्यात गेला. बाहेर पायरीवर काका चपलेत पाय घालताना म्हणाले, "आता काय, तुमी घरीच वाचून टाकसान."

त्यानंतरच्या आठवड्यात मी एक पुस्तक आणलं. मोठ्या घरातली म्हातारी, दुधातून विष, घरात डॉक्टर, सून, भाडेकरू आणि स्वयंपाकीण. गॅसवर वरण. गुप्तहेरानं सगळ्यांना बसवलं, घसा खाकरला, "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला. पुढचं पान मोकळं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं आपोआप उचललं जात होतं, जणू बघ म्हणत. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "आज टाके नाहीत ना? वाच मग." मी पानावर बोट ठेवून दाबून धरलं. मग गॅस बंद केला, पुस्तक मिटलं आणि चपला घातल्या.

काका ओसरीवर स्टुलावर बसले होते. ट्रे नव्हता. मला बघून उभे राहिले.

"काऊन आल्या? टाके तर नाहीत."

"उत्तर सांगाले आली."

"वाचलं नाही पुढं?"

"नाही."

ते आत गेले. पाण्याचा आवाज आला, हात धुत होते. मग ट्रे घेऊन बाहेर आले, कात्री, चिमटा, कापूस, सगळं. कापायला काही नव्हतं, तरी आणलं. चष्मा वर सरकवला.

"सांगा. कोनं मारलं?"

"डॉक्टरनं."

"काऊन?"

मी सगळी रीत सांगितली. औषधाची बाटली, घड्याळातली वेळ, खिडकीची कडी. कुठं पायरी सोडली नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि सवयीनं म्हणाले, "जैनथवाल्याचं मत वे..." आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तिचं मत वेगळं पडलं होतं. ती म्हने स्वयंपाकीन. म्हने, जी बाई दुसऱ्याले वाढते अन् स्वतः जेवाले बसत नाही, तिच्या मनात काय हाय ते पाहा."

माझे डोळे भरून आले होते, ते मी सरळ सांगते. "बरोबर असेल हो, काका" म्हणणं त्या घडीला फार सोपं होतं.

"साफ चूक," मी म्हटलं. "तुमच्या बायकोले यातलं काही समजत नव्हतं, काका. प्रत्येक वेळी काय स्वयंपाकघर? विषाचा डोस स्वयंपाकिणीले कसा कळन?"

काकांची पाठ ताठ झाली. चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. "काऊन नाही कळनार?" ते माझ्यावर ओरडले. "मीठ अंदाजानं घालनारी बाई! तिले डोस नाही कळनार? तुमी गनितवाल्या लोकांले..." आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडलो. शेजारीण कठड्यावरून वाकून बघून गेली.

शेवटी त्यांनी पुस्तक ट्रेमध्ये ठेवलं, शेवटचं प्रकरण उघडलं. "हात हलवू नका," म्हणाले. "थोडंसं दुखन." आणि मोठ्यानं वाचायला लागले, दाराकडे तोंड करून, आतल्या स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

खून स्वयंपाकिणीनंच केला होता. मला ते अजिबात पटलेलं नाही. उद्या शाळा सुटली की जाऊन तसं स्पष्ट सांगणार आहे, काकांनाही आणि त्यांच्या जैनथवालीलाही.